दारावरल्या चिठ्ठीची कहाणी

ऐक, प्रभू येशू, तुझी कहाणी. तुझ्याच वचनाची आहे, तेव्हा तुलाही ऐकावी लागेल. आणि बायांनो, माना खाली घालू नका, तुमचीही आहे.

होतं एक आटपाट नगर. नगरात ख्रिस्ताचं देऊळ, देवळाभोवती त्याच्या लेकरांची घरं. वर्षाच्या पहिल्या दिवशी देवळात परडी फिरे. परडीत वचनांच्या चिठ्ठ्या. ज्यानं त्यानं एक उचलावी, वर्षभर तिच्यावर भरवसा ठेवावा, असा तिथला वसा. लोक काय करीत? चिठ्ठी दाराबाहेर चिकटवीत, येणाऱ्याजाणाऱ्यानं पाहावी म्हणून, आणि आतून कडी घालीत. मेले मोठे भाविक!

त्या नगरात तबिथा होती. तिला चिठ्ठी आली, "तुला मी उघड्यावर टाकणार नाही." चैत्रात तिचा नवरा वारला. वैशाखात दिरानं, शमुवेलानं, तिला तान्ह्या लेकीसकट खोलीबाहेर काढलं. खोली त्याला हवी होती. भर दुपार, पायाखाली फुफाटा, लेक तापानं फणफणलेली. तबिथानं आपली चिठ्ठी पदराला बांधली.

मग ती दिराच्या दाराकडे वळली. दारावर चिठ्ठी होती, "देव आमचा किल्ला." तिनं ती मोठ्यानं वाचली. म्हणाली, "भावजी, किल्ल्यात दोन जिवांना जागा नाही?" दीर आतून म्हणाला, "वहिनी, वचनावर भरवसा ठेवा." कडी वाजली.

मग ती पंचांच्या दारी गेली. दारावर, "देव आमची ढाल." तिनं ती मोठ्यानं वाचली. पंच खिडकीतून म्हणाले, "बाई, घरची भांडणं आमच्याकडे आणू नको. वचनावर भरवसा ठेव." खिडकी लागली.

मग ती पाळकसाहेबांच्या दारी गेली. दारावर, "देव आमची सावली." तीही वाचली. पाळकसाहेब जेवत होते. घास चावत म्हणाले, "मुली, वचनावर भरवसा ठेव. रविवारी ये, प्रार्थना करू." दार लागलं.

मग तबिथा भडकली. देवळाला कुलूप होतं. ती पायरीवर उभी राहिली, मान वर करून ओरडली, "देवा, भरवसा ठेवलाय, म्हणूनच भांडतेय! शब्द मी मागितला नव्हता, तू दिलास. आता पाळ. पाळल्याशिवाय मी इथून हलत नाही."

देवळाची झाडलोट करणारी दीनाबाई देवळाच्या भिंतीला टेकलेल्या खोपटात राहायची. तिनं आवाज ऐकला, खराटा टाकला, धावत आली. "अगं, पोर करपतंय की! आधी आत चल, मग भांड." तिनं लेकीच्या कपाळावर ओली घडी ठेवली, तबिथाला पेज दिली. मग कनवटीची चिठ्ठी काढली. "मला अक्षर येत नाही गं. काय लिहिलंय?" तबिथानं वाचलं, "दाराशी येईल त्याला आत घे." वाचलं आणि ढसाढसा रडली. लेकीला घाम सुटला, ताप उतरला.

तेवढ्यात आभाळ फाटलं. लिंबाएवढ्या गारा आल्या. दिराचे पत्रे उडाले, पंचांची कौलं फुटली, पाळकसाहेबांचं छप्पर बसलं. खोपट मात्र उभं राहिलं. तिघंही बायकापोरांना घेऊन तिकडं धावले. तबिथा दारात उभी. बायकापोरांना तिनं आत ओढलं, तिघा बाप्यांना अडवलं. "आधी आपापली चिठ्ठी म्हणा. मोठ्यानं." गारा पाठीत बसत होत्या. दीर म्हणाला, पंच म्हणाले, पाळकसाहेब म्हणाले. लाजले, तरी म्हणाले. मग तिनं वाट दिली. त्यांच्यासारखी नव्हती ती.

दुसऱ्या दिवशी शमुवेलानं खोलीची किल्ली तिच्या हातात ठेवली. तबिथानं किल्ली घेतली, मग त्याच्या दाराबाहेरची चिठ्ठी खरवडून काढली आणि आतल्या बाजूनं, कडीशेजारी लावली. म्हणाली, "भावजी, कडी घालायला हात जाईल तेव्हा वाचा." तेव्हापासून त्या नगरात चिठ्ठ्या दाराच्या आत असतात.

जसा तबिथाला आसरा मिळाला, तसा उघड्यावरच्या सगळ्या लेकीबाळींना मिळो. आणि बायांनो, घरी गेलात की आपापलं दार बघा. ही चार दारांची कहाणी एका उघड्या दारी सुफळ संपूर्ण.