गाढवाची नवी टोपी

जनावरं अजून टोप्या घालत होती त्या काळी, वीटभट्टीवरच्या एका गाढवाकडे गवताची जुनी टोपी होती. वरातीतला घोडा तिला हसला, म्हणून गाढव ती घेऊन शेळीबाईंच्या दुकानात गेलं.

"हिला नव्या फॅशनची करून द्या," ते म्हणालं.

शेळीबाईंनी टोपी हुंगली. "गवत उत्तम आहे. पण एवढा रुंद काठ हल्ली कोण ठेवतं?" असं म्हणून त्यांनी काठ खाल्ला. मग त्यांना माथा उंच वाटला. तोही त्यांनी सावकाश खाल्ला. लाल फीत तेवढी चावेना, ती त्यांनी गाढवाच्या दोन्ही कानांच्या मधे बांधून दिली.

"कशी वाटते?"

"हलकी. डोक्यावर टोपी आहे असं वाटतच नाही."

"बेतशीर झाली की तसंच वाटतं," शेळीबाई तोंड पुसत म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात विटा वाहताना गाढवाला भोवळ आली. शेजारच्या बैलानं त्याला उठवलं आणि विचारलं, "टोपी कुठंय?"

"ही काय! शेळीबाईंनी नव्या फॅशनची करून दिली," म्हणत गाढवानं अभिमानानं फीत दाखवली.

बैल बराच वेळ फितीकडे बघत राहिला. मग त्यानं स्वतःची रुंद काठाची टोपी डोक्यावरून उतरवली.

"शेळीबाई उद्या दुकानात आहेत का?"