विमानातली मानाची जागा

एकदा एका माळावरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात एक ग्लायडर तयार झाले. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान. हाताने फेकायचे आणि मग स्वतःच्या बांधणीच्या जिवावर ते तरंगेल तितके तरंगू द्यायचे. थर्माकोल, बांबूच्या कामट्या आणि तोल राहावा म्हणून नाकात बसवलेला शिशाचा छोटा गोळा, एवढाच त्याचा संसार. शेवटच्या वर्षाला असलेल्या ऋजुताने ते वर्षभर खपून केले होते. दरवर्षीच्या ग्लायडर स्पर्धेत या महाविद्यालयाचे विमान आजवर पहिल्या फेरीपलीकडे गेले नव्हते. ते एकदा तरी जावे, यासाठी या मुलीने दिवाळीची सुट्टीही कार्यशाळेत काढली होती.

चाचणीत ग्लायडर इतके सुरेख तरंगले की ती बातमी थेट संस्थेच्या अध्यक्षांच्या कानावर गेली. घोळ झाला तो इथेच.

अध्यक्ष दादासाहेब मोठ्या कौतुकाने आले आणि येताना संस्थेचे पितळी बोधचिन्ह घेऊन आले. "हे शेपटीवर लावा," ते म्हणाले. "आम्ही सिंगापूरला गेलो तेव्हा नीट बघून ठेवलंय. विमानाची ओळख शेपटीवरच असते." दादासाहेबांचे लागले म्हटल्यावर प्राचार्यांच्या नावाची पट्टी आली. थर्माकोल ज्यांनी दिला होता ते पेढ्यांचे व्यापारी, त्यांनी तर पेढ्याचे चित्र असलेली जाडजूड पाटी पाठवली. एवढ्या वजनाने काय होईल हे ऋजुताला कळत नव्हते असे नाही. पण मोठ्या माणसांना नाही म्हणायला तिची जीभ रेटेना. ती सगळ्यांना "हो सर, हो सर" म्हणत गेली, आणि शेवटी एवढ्या गर्दीत आपणच का मागे राहायचे म्हणून कागदाच्या कपट्यावर स्वतःचे नाव लिहून तेही शेपटीच्या टोकाला चिकटवून मोकळी झाली.

स्पर्धेच्या पहिल्या फेरीत प्रत्येक संघाला दोन फेकी होत्या. पहिल्या फेकीत ग्लायडरने थोडे पुढे जाताच नाक वर केले, घरी काहीतरी विसरल्यासारखे ते क्षणभर हवेत थबकले आणि शेपटीवर बसले. चक्क बसले. मंडपातून कोणीतरी ओरडले, "अहो, पाट मांडा, पाहुणे जेवायला बसले!" दादासाहेबांचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा झाला होता.

ऋजुताचे डोळे भरून आले. ती विमान उचलून खांबेटे सरांकडे गेली. हे निवृत्त प्राध्यापक. उन्हाची छत्री डोक्यावर धरून मैदानाच्या कडेला उभे होते.

"सर, शेपटी जड झालीय, मला माहितीये. पण आता हे सगळं काढलं, तर दादासाहेब काय म्हणतील?"

सरांनी छत्री मिटली, ग्लायडरच्या पंखांखाली दोन बोटे धरून ते तोलले. शेपटी लगेच खाली गेली.

"काढायचं कशाला?" सर म्हणाले. "मानाची माणसं आहेत. त्यांना मानाची जागा देऊ."

आणि ते विमान घेऊन सरळ मंडपात दादासाहेबांपुढे जाऊन उभे राहिले. ऋजुता त्यांच्या मागोमाग धावली.

"दादासाहेब, एक विचारू? आपल्याला पुढे बसायला आवडतं की मागे?"

"मागे? अहो खांबेटे, आम्ही बारशाला गेलो तरी पुढच्या रांगेत बसतो!"

"मग आपलं बोधचिन्ह मागे का?"

दादासाहेब कडाडले, "कोणी लावलं मागे? पुढे घ्या, आत्ताच्या आत्ता!" ते पुढे निघाले म्हटल्यावर प्राचार्य आणि व्यापारी तरी मागे कसे राहतील? सरांनी शिशाचा गोळा काढला, त्या जागी बोधचिन्ह बसवले आणि दोन्ही पाट्या थोड्या थोड्या सरकवत ग्लायडर बोटांवर आडवे स्थिर केले. तेवढ्यात त्यांना तो कपटा दिसला.

"हे कोणाचं नाव?"

"माझं, सर."

"राहू दे. त्यानं काही बिघडत नाही."

ऋजुताने मान खाली घातली.

दुसऱ्या फेकीत ग्लायडर गेले. असे गेले की मंडपातली कुजबुज थांबली. पात्रतेची पांढरी रेघ त्याने ओलांडली, त्यापुढची झुडपे ओलांडली, आणि मग अलगद खाली येत एका ताज्या शेणाच्या पोमध्ये नाक खुपसले. महाविद्यालय प्रथमच दुसऱ्या फेरीत गेले! ऋजुता आनंदाने उड्या मारत धावली, आणि बोधचिन्हाची दशा पाहून जागच्या जागी थिजली.

मागून दादासाहेब आले. "हे काय, खांबेटे? नेमकं आमचंच?"

सर शांतपणे म्हणाले, "दादासाहेब, भार पुढे असला तर विमान जातं, मागे असला तर बसतं. पण पुढच्या जागेचा एक नियम आहे. जमीन लागते तेव्हा पहिला मार पुढच्यालाच बसतो. तो सोसायची तयारी असेल तर पुढे बसावं, नसेल तर सरळ उतरावं. मागे बसून नुसता मान घ्यायचा, ही सोय विमानात नाही."

दादासाहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि ते स्वतःच्या हाताने बोधचिन्ह पुसू लागले.

दुसऱ्या फेरीआधी ऋजुताने पुढची जागा कोणाला हवी, हे सर्वांना विचारले, नियमासकट विचारले. प्राचार्यांना एकाएकी प्रसिद्धीचा कंटाळा आला. शेण आणि पेढा एकत्र बरे दिसत नाहीत, असे व्यापाऱ्यांचे मत पडले. दादासाहेब मात्र हसून म्हणाले, "पोरी, विमान गेलं म्हणजे आम्ही पोचलो. हलकं कर त्याला." बोधचिन्ह त्यांनी खिशात टाकले.

नाक रिकामे झाले. ऋजुताने शिशाचा गोळा पुन्हा त्याच्या जागी बसवला. मग शेपटीच्या टोकाचा कपटा हलकेच सोलून काढला, त्यावरच्या स्वतःच्या नावाकडे क्षणभर पाहिले आणि तो त्या गोळ्यावर, अगदी पुढे, घट्ट चिकटवला.

खांबेटे सर बघत होते.

"फेक आता," एवढेच म्हणाले.