नाग न आलेलं वारूळ

माणसं यायच्या कितीतरी आधी एका माळावर वारुळांची परीक्षा होत असे. परीक्षक होता सरडा. त्याची कसोटी एकच: वारुळात नाग राहायला आला, की ते यशस्वी! वारूळ मुळात वाळवीसाठी असतं, हे त्या विद्वानाला कुणी सांगायचं?

माळाच्या कडेला ठेंगणी नावाची वाळवी आपल्या बहिणींसह एका छोट्या वारुळात हवेची नवी भुयारं खोदून पाहत असे. ते वारूळ सगळ्यांना खुलं होतं. कुणीही यावं, बघावं, शिकून जावं.

"काय गं, नाग आला का?" सरड्याने विचारलं.

"नाही, सरडेदादा. पण या उन्हाळ्यात माळाच्या मधल्या मोठ्या वारुळातली पिल्लं जगली, ती आमच्यासारखं भुयार तिथे खोदलं म्हणून."

"म्हणजे यश मोठ्या वारुळाचं! तुमचं हे ढेकूळ फसलं. पाडून टाका!"

एवढं बोलून सरडा मोठ्या वारुळाच्या गार तोंडाशी पसरला.

पाडायला मोठ्या वारुळातल्याच वाळव्या पाठवल्या गेल्या. संध्याकाळ झाली तरी त्या परतल्या नाहीत. ठेंगणीच्या शेजारी उभ्या राहून त्या पुढचं भुयार खोदायला शिकत होत्या.