अख्खी नदी अडवणारं जाळं

दूर उत्तरेच्या थंड मुलखात, नदी समुद्राला मिळते तिथल्या एका गावात एक कोळी आणि त्याची बायको राहत. दर उन्हाळ्यात समुद्रातले सामन मासे त्या नदीत शिरत आणि प्रवाहाविरुद्ध पोहत डोंगरात अंडी घालायला जात. गाव पोटापुरते मासे धरी, बाकीचे जाऊ देई.

कोळी जाळं विणण्यात पटाईत. एका वर्षी त्याने या काठापासून त्या काठापर्यंत पुरेल असं जाळं विणलं. मग एकही मासा वर गेला नाही. परदेशी व्यापाऱ्यांची जहाजं भरभरून गेली. कोळ्याला गावाने म्होरक्या केलं.

हंगाम सरताना डोंगरातली एक म्हातारी चार दिवस चालून त्याच्याकडे आली.

"बाबा, यंदा आमच्याकडे मासा आला नाही."

"आजी, समुद्र केवढा मोठा आहे. येईल पुढच्या वर्षी."

"मासा वाढतो समुद्रात, पण जन्मतो आमच्या झऱ्यांत. यंदा तिथे अंडीच नाहीत. चार वर्षांनी तुझ्या जाळ्यात काय येणार?"

कोळ्याने तिला दोन मासे देऊन वाटेला लावलं. जाळं दर वर्षी पडत राहिलं.

चार वर्षांनी जहाजं रिकामी परतली. महिनाभर कुणाची चूल धड पेटली नाही. मग एका सकाळी समुद्रात जास्त वर्षं राहिलेल्या जुन्या माशांचा एक छोटासा थवा नदीच्या तोंडाशी आला. सगळं गाव काठावर धावलं.

बायको हळूच म्हणाली, "आज धरले तर आठ दिवस पुरतील. पुढे?"

कोळ्याला म्हातारी आठवली. तो कमरेइतक्या गार पाण्यात उतरला आणि त्याने जाळ्याचा दोर सोडला.

"वेड लागलं का तुला?" लोक ओरडले.

"लागलं होतं," तो म्हणाला. "चार वर्षांपूर्वी."

थवा वर निघून गेला. त्यामागोमाग कोळीही डोंगरात गेला आणि म्हातारीपुढे मान खाली घालून उभा राहिला. तिने त्याला बसवलं, जेवू घातलं. निघताना तिच्या गावाने कंदमुळांची पोती त्याच्यासोबत दिली. पुढची तीन वर्षं दोन्ही गावांनी असेल ते वाटून खाल्लं. सोपं नव्हतं, पण कुणी उपाशी राहिलं नाही.

चौथ्या उन्हाळ्यात नदीचं तोंड चंदेरी पाठींनी भरून गेलं. दोन्ही गावं काठावर उभी होती. पहिले तीन दिवस कुणीच जाळं टाकलं नाही. मासे वर जाताना सगळे नुसते बघत राहिले.

तात्पर्य: जे आपण जाऊ देतो, तेच उद्या आपल्याकडे परत येतं.