सगळ्यात शेवटी आलेला पाहुणा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा वाळवंट ओलांडायला महिना लागायचा. त्या वाळवंटाच्या मधोमध गोड्या पाण्याची एक विहीर होती. विहिरीभोवती खजुराची झाडं होती, आणि त्यांच्या सावलीत मातीची एक छोटीशी धर्मशाळा होती.

या धर्मशाळेला मालक नव्हता, नोकरही नव्हता. होता तो फक्त एक रिवाज. सगळ्यात शेवटी जो आला, तो पाहुणा. त्याच्या आधी जो आला, त्याने त्याचं सगळं करायचं. पाणी काढायचं, भाकरी थापायची, दमलेले पाय चेपायचे. मग नवा वाटसरू आला की पाहुण्याने उठून कामाला लागायचं, आणि काम करणाऱ्याने आपल्या घरी निघायचं. कितीतरी वर्षं हे असंच चाललं होतं. त्यामुळे विहिरीवर माणूस नाही, असा एक दिवस जात नसे.

एके दुपारी तिथे एक कापडाचा व्यापारी आला. त्याच्या आधी एक कुंभार येऊन राहिला होता. व्यापारी उंटावरून उतरतोय तोच कुंभार गार पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आला. "या शेठ, बसा. दमला असाल."

व्यापाऱ्याचे डोळेच भरून आले. जन्मभर दुकानात तोच गिऱ्हाइकांना 'या, बसा' म्हणत आला होता. त्याला तसं कोणी म्हटलं नव्हतं.

मग काय, तो बसला. चौथ्या दिवशीही तो खाटेवरच होता, आणि पोट चांगलंच पुढे आलं होतं.

"कुंभारदादा, भाकरी जरा पातळ जमेल का?"

"शेठ, मी रांजण घडवणारा माणूस. माझ्या हाताला जाडच येते."

कुंभार पाय चेपायचा आणि सारखा वाळूकडे बघायचा. शेवटी म्हणाला, "शेठ, पौर्णिमेला माझ्या लेकीचं लग्न आहे. परवापर्यंत निघालो नाही, तर पोर बापाशिवाय बोहल्यावर चढेल."

"येईल हो कोणीतरी," व्यापारी कूस बदलत म्हणाला. "तोवर जरा डावा पाय बघा."

पाचव्या दिवशी सकाळी व्यापारी पोट हलकं करायला टेकडीपलीकडे गेला, तर समोरून तीन उंटवाले येत होते. म्हणजे आता भाकऱ्या आपण थापायच्या! तो तसाच धावत सुटला आणि दोन्ही हात पसरून ओरडला, "थांबा! विहीर आटली! पुढच्या विहिरीवर जा!"

उंटवाल्यांजवळ पाणी पुरेसं होतं. ते हळहळले आणि दुसऱ्या वाटेने गेले.

"कोण होतं, शेठ?" कुंभाराने आशेने विचारलं.

"कोणी नाही. वाळू उडत होती."

त्या दिवशी व्यापाऱ्याला जेवण गोड लागलं नाही. चारऐवजी तीनच भाकऱ्या खाल्ल्या.

सहाव्या दिवशी तो पहाटेच टेकडीवर जाऊन बसला. ऊन चढल्यावर एक म्हातारी गाढव हाकत येताना दिसली. व्यापारी पुढे धावला.

"आजी, मागे फिरा! इथे पाण्याचा थेंब नाही!"

म्हातारी थांबली. तिचे ओठ सुकून फुटले होते. तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मग तू कसा जगतोस रे इथं?"

व्यापारी गडबडला. "जगतो... कसाबसा."

म्हातारीने कमरेचा पाण्याचा तुंबा सोडला आणि कानाशी धरून हलवला. तळाशी घोट दोन घोट पाणी वाजलं. तो त्याच्यापुढे धरून ती म्हणाली, "घे बाळा. माझं काय, मी पिकलं पान. तू बघ तहानेनं कसा सुजलायस."

व्यापाऱ्याला तो घेववेना. तेवढ्यात त्याच्या पोटात सकाळचं गार पाणी डुचमळलं. तो आवाज दोघांनीही ऐकला.

म्हातारी तुंबा तसाच धरून उभी राहिली.

व्यापारी मटकन वाळूत बसला. "आजी, मी खोटं बोललो. पाणी आहे, सावली आहे, सगळं आहे. मला खाटेवरून उठायचं नव्हतं, एवढंच."

"मग आता वाळूतून तरी ऊठ," म्हातारी म्हणाली. "माझा घसा कोरडा पडलाय."

व्यापारी उठला. तिला गाढवावर बसवून त्याने धर्मशाळेत आणलं आणि लांबूनच हाक मारली, "कुंभारदादा, पाहुणी आली! निघा! माझा उंट न्या, वेळेवर पोचाल. आणि काल वाळू उडत नव्हती. माणसं होती. मीच परत पाठवली."

कुंभार भाकरी टाकून बाहेर आला. त्याने पिठाचे हात व्यापाऱ्याच्या पाठीवरून फिरवले आणि तो उंटावर बसून निघाला.

व्यापाऱ्याने आजीला पोटभर पाणी पाजलं आणि आयुष्यातली पहिली भाकरी थापली. ती खालून करपली, वरून कच्ची राहिली. म्हातारी बराच वेळ ती तोंडात घोळवत होती. व्यापारी जीव मुठीत धरून समोर बसला होता.

"कशी झालीय, आजी?"

"दात असते तर सांगितलं असतं," म्हातारी म्हणाली. "बरं, पाय कधी चेपतोस?"

तात्पर्य: जो आपल्यासाठी राबतो, त्याचीही घरी कोणी वाट बघत असतं. म्हणून आपली पाळी आली की उठावं. भाकरी काय, जमेल तशी जमेल.