दोनशे बारा पत्रांच्या नकला

“मग एवढं खातं तरी कोण, भन्ते?”

प्रल्हाद रंगारींनी फोन पुढे केला. दोन्ही हातांनी, साहेबांची सही घ्यायला फाईल पुढे करावी तसा.

भन्ते शीलरक्षित ओट्यावर बसून झाडूच्या काड्या बांधत होते. वैनगंगेच्या काठी, टेकडीवर, पत्र्याच्या छपराचं लहानसं बुद्धविहार. तिथे हे एकटेच भिक्खू. चिवर घेण्याआधी वीस वर्षं ते टेलिफोन खात्यात लाइनमन होते. त्यामुळे आसपासच्या गावांत कुणाचाही फोन रुसला की लोक वंदनेच्या निमित्तानं टेकडी चढून येत. भन्ते फोनला हात लावत नसत. बघत मात्र असत.

“फोन कोणाचं नाव सांगते?”

“ईमेलच्या ॲपचं. अर्ध्याहून जास्त फोन त्यानंच गिळलाय. फोटो नाहीत, गाणी नाहीत, सिनेमा तर मी पाहतच नाही. नुसती पत्रं! पत्राला अशी कितीशी जागा लागते?”

“ते लिहिणाऱ्यावर हाय.”

हे उत्तर रंगारींना आवडलं नाही. ते नागपूरहून दोन बस बदलून आले होते. विद्यापीठातून उपकुलसचिव म्हणून निवृत्त झालेला माणूस. चौतीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून एकही कागद गहाळ झाला नव्हता, आणि ही गोष्ट ते कुणालाही पाचव्या मिनिटाला सांगत. आज दुसऱ्याच मिनिटाला सांगून झाली होती.

“दुकानात दाखवला?”

“दाखवला. तो म्हणतो, ॲपनं साठवलेलं सगळं साफ करून टाका. एवढ्या सहजपणे! मी तसाच उठून आलो.”

“मंग अडलं कुठं?”

रंगारींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला…

“उत्पलाचं पत्र आलंय. माझ्या मुलीचं. मंगळवारी आलं, आज शनिवार. नुसतं नाव दिसतं आणि शेजारी पिनेची खूण, म्हणजे सोबत काहीतरी जोडलंय. उघडायला गेलं की फोन म्हणतो, जागा नाही.”

“दुसऱ्या कोणाच्या फोनवर उघडा.”

“माझं खातं परक्याच्या फोनवर?” ते ताडकन म्हणाले. मग आवाज उतरला. “आणि तिनं काय लिहिलंय, कुणास ठाऊक.”

भन्तेंनी झाडूची गाठ सोडून पुन्हा बांधली.

तर झालं होतं असं. उत्पला परीक्षा देऊन नायब तहसीलदार झाली, तेव्हा रंगारींनी अख्ख्या वस्तीला जेवण घातलं होतं. दोन वर्षांत तिनं राजीनामा दिला आणि आरमोरीकडच्या गावांतून मुलांना कळसूत्री बाहुल्यांचे खेळ दाखवत हिंडू लागली. बापानं ईमेल लिहिला, अकरा मुद्द्यांचा. मुलीनं अकराही मुद्द्यांना क्रमवार उत्तर दिलं. शेवटी रक्त त्यांचंच. दीड वर्षात दोनशे बारा पत्रं झाली. एकातही ‘जेवलीस का’ असं कुणी विचारलं नाही. मग पत्रं थांबली, आणि तीन वर्षं कुणीच काही लिहिलं नाही.

“वंदामि भन्ते!”

खालच्या गावातल्या शेवंताबाई डबा घेऊन आल्या. अकरा वाजत आले होते. रंगारींना आपली पिशवी आठवली. तिच्यात पोळ्या होत्या, वांग्याची भाजी होती, शिवाय दोन डबे तिळाचे लाडू आणि शेंगदाण्यांची मोठी पुडी.

“हे आजचं,” ते म्हणाले, “आणि हे आत फळीवर ठेवून द्या, भन्ते. आठवडाभर काळजी नको.”

शेवंताबाईंनी तोंडाला पदर लावला. हसू दाबायला.

“काय झालं?”

“भन्तेजीले ठेवून खाता येत नाही जी. दुपारचे बारा वाजेपर्यंत जे भेटलं ते जेवायचं. राहिलं ते वाटून टाकायचं.”

“लाडूसुद्धा? लाडू काही नासत नाहीत.”

“लाडू नासत नाही जी. नियम नासते.”

भन्ते जेवले. सावकाश, मान खाली घालून. उरलेलं सगळं, लाडवांच्या दोन्ही डब्यांसकट, शेवंताबाई खाली रस्त्याच्या कामावरच्या बायांना द्यायला घेऊन गेल्या. लाडू टेकडी उतरेपर्यंत रंगारी त्यांच्याकडे पाहत राहिले. लाडू त्यांनी स्वतः वळले होते.

“आणि उद्या कुणी आलंच नाही तर?”

“तर उद्या उपास.”

“भीती नाही वाटत?”

“वाटे ना! पहिली दोन वर्षं लई वाटे.” भन्ते पात्र धुऊ लागले. “गुरुजींचा डोळा चुकवून चिवराच्या घडीत शेंगदाणे लपवत होतो. एक दिवस वंदनेला बसलो, शंभर माणूस समोर, आणि पाठीवर मुंग्या निघाल्या…”

रंगारींना हसू आवरलं नाही. आल्यापासून ते पहिल्यांदाच हसले.

भन्तेंनी पात्र पुसलं आणि उन्हात पालथं घातलं.

“तुमच्या ॲपचं तेच झालं, साहेब. त्याले भेव वाटते. रेंज गेली आन् साहेबांनी पत्र मागितलं तर? म्हणून आलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल ते घरात आणून ठेवते. तुम्ही एखादा कागद एकदा उघडून पाहिला, की परत पाहाल म्हणून तोही ठेवते. झटकन शोधता यावं म्हणून त्याची यादी बनवते, तीही फोनातच. पेन्शनवाल्यांची परिपत्रकं येत असतील?”

“रोज. चाळीस-चाळीस पानांची.”

“आन् मुलीची पत्रं?”

“ती छोटीच आहेत. दोन दोन ओळींची.”

“दोन ओळींच्या खाली काय असते?”

रंगारी बोलायला गेले आणि थांबले. प्रत्येक उत्तराखाली आधीचं पत्र होतं. त्याच्याखाली त्याच्या आधीचं. शिवाय प्रत्येक वेळी पुराव्यादाखल त्यांनी जोडलेल्या स्कॅन केलेल्या प्रती: तिचा नेमणुकीचा आदेश, राजीनामा, शासनाचे नियम. शंभराव्या पत्राच्या पोटात नव्व्याण्णव भांडणं होती. एकशे एकाव्याच्या पोटात शंभर.

“एवढं सगळं घेऊन ती माझ्याकडे येत होती…” ते पुटपुटले.

“आन् तुम्ही तिच्याकडे.”

वारा सुटला. छपराचा पत्रा थोडा वाजला आणि गप्प झाला.

“मग करा साफ,” भन्ते म्हणाले.

“नाही!” रंगारींचा आवाज नको तेवढा चढला. “ते पुरावे आहेत. मी कोणत्या तारखेला तिला काय बजावलं, तिनं काय उत्तर दिलं, सगळं आहे त्यात. उद्या तिनं म्हटलं की बाबा, तुम्ही असं बोललातच नाही, तर?”

“तर?”

“तर मी दाखवीन.”

“कोणाले?”

घरात दाखवण्यासारखं कुणी उरलं नव्हतं. पत्नी जाऊन पाच वर्षं झाली होती.

भन्तेंनी अगदी कार्यालयीन सुरात विचारलं, “साहेब, मूळ पत्र कुठं राहते?”

“ईमेलवाल्यांच्या मोठ्या यंत्रांत. खूप लांब कुठंतरी.”

“फोनातलं साफ केलं तर ते जाते?”

“…नाही. दुकानदारही तेच म्हणाला. हवं तेव्हा परत मागवता येतं. फक्त ॲपनं साठवलेलं साफ करायचं, पत्र पुसायचं नाही.”

“मंग फोनात हाय ते काय?”

चौतीस वर्षं विद्यापीठात काढलेल्या माणसाला हे कुणी शिकवायची गरज नव्हती.

“नक्कल,” ते म्हणाले. “साधी नक्कल. साक्षांकितसुद्धा नाही.”

“तुमच्या हापिसात नकलांनी कपाटं भरली, तर नव्या पोराचा अर्ज घेणं बंद करत होते का?”

“शक्य नाही! असं कुणी केलं असतं तर मी त्याला घरी पाठवला असता.”

बोलून झाल्यावर आपण काय बोललो, ते त्यांच्या कानांवर पडलं. ते फोनकडे पाहत राहिले.

आठ-दहा वेळा त्यांचं बोट त्या बटणापर्यंत गेलं आणि मागे आलं. भन्ते उन्हातल्या पात्राकडे बघत बसले होते. घाई करा असंही ते म्हणाले नाहीत आणि थांबा असंही नाही.

शेवटी रंगारींनी डोळे मिटले आणि बटण दाबलं.

डोळे उघडले तेव्हा पडदा पांढरा होता. एकही नाव नाही, एकही तारीख नाही.

“गेलं,” ते म्हणाले. “सगळं गेलं. आणि इथं रेंजही नाही! जुनं नाही, नवं नाही… भन्ते, हे काय करून बसलो मी?”

खोटं कशाला सांगा, चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना एवढी भीती कधी वाटली नव्हती.

“चला,” भन्ते उठले. “पाण्याच्या टाकीजवळ येते रेंज. तिथला टेलिफोनचा खांब मीच उभा केला होता. खांब गेला, तार गेली. रेंज मात्र तिथंच येते.”

टाकीच्या कट्ट्यावर दोघं बसले. एक दांडी दिसली, गेली, पुन्हा दिसली. ॲपनं विचारलं, किती दिवसांची पत्रं फोनमध्ये ठेवू?

“किती सांगू?”

“मले खोकल्याचा गूळ तेवढा सात दिवस ठेवता येते. औषध म्हणून. सात दिवस लई होतात.”

रंगारींनी सात लिहिलं.

मग वाट पाहणं आलं. एक गोल फिरत राहिला. खालच्या रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज विरेपर्यंत गोल फिरतच होता. रंगारींना वाटलं, आपण पाच वर्षांचे आहोत आणि शाळेच्या दारात कुणी न्यायला येतंय का पाहतोय.

नाव आलं. उत्पला रंगारी. मंगळवार.

पत्रात मजकूर नव्हताच. नुसता व्हिडिओ होता. हळूहळू तो उतरला.

उत्पला वाळली होती. केस कापले होते. एका हातात लाकडी बाहुली होती, तिचा पाय तुटलेला, आणि बोलता बोलता ती तो दोऱ्यानं बांधत होती.

“बाबा, जयभीम. येत्या रविवारी संध्याकाळी सहाला आमचा पहिला मोठा खेळ आहे. आरमोरीला, शाळेच्या पटांगणात. या म्हणत नाही. पुढच्या रांगेत तुमची खुर्ची ठेवलीय, एवढं सांगते.” ती थांबली. बाहुलीच्या पायाकडे पाहत म्हणाली, “जेवण वेळेवर करत असाल ना?”

बस. तेवढंच.

रंगारींनी पडदा खाली सरकवला. सवयच ती, खाली आधीचं पत्र असतं, त्याच्याखाली त्याच्या आधीचं. त्यांनी आणखी सरकवलं.

“भन्ते, खाली काहीच नाही.”

“नीट पाहा.”

“पाहिलं ना! नवंच पत्र पाठवलंय तिनं. दोनशे बारातलं एकही सोबत जोडलेलं नाही. एकही नाही हो…”

आणि उपकुलसचिव प्रल्हाद रंगारी पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसून ढसाढसा रडले. भन्ते शेजारी बसून राहिले. त्यांनी पाठीवर हात ठेवला नाही, पण जागाही सोडली नाही.

थोड्या वेळानं रंगारींनी उपरण्यानं तोंड पुसलं. चष्मा चढवला. पाठ ताठ केली.

“उत्तर द्यायला हवं,” ते म्हणाले. “आजच्या आज. रविवार उद्याच आहे. नीट, मुद्देसूद.”

अंगठा चालू लागला. ‘तुझे मंगळवारचे पत्र आज रोजी प्राप्त झाले…’ त्यांनी ते वाचलं, खोडलं. ‘सदर कार्यक्रमाबाबत कळविण्यात येते की…’ तेही खोडलं.

“सुरुवात जमत नाहीये, भन्ते. माफी आधी लिहू की अभिनंदन आधी? तिला कुठल्या शब्दाचा राग येईल, सांगता येत नाही. एकदा जुनी पत्रं परत मागवून वाचून काढतो, म्हणजे अंदाज येईल. तासभर लागेल. फार तर दोन…”

खाली, वळणावर धूळ उठली होती. आरमोरीकडे जाणारी दुपारची बस फाट्याला येत होती.

भन्तेंनी रंगारींची रिकामी पिशवी उचलून त्यांच्या खांद्याला अडकवली.

“तुम्ही निघा, साहेब. पत्र येईल मागून.”