हात वर करा

परभणीच्या सभागृहात रेवती घोलप आपलं संशोधन मांडत होती. गरीब वस्त्यांतले कितीतरी आजारी दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत, असं तिला आढळलं होतं.

प्रमुख पाहुणे दिगंबरराव एका बड्या इस्पितळाचे मालक, आणि हा कार्यक्रम थेट दाखवणाऱ्या वाहिनीचेही. ते तडकले. "साफ खोटं! आमच्या वाहिनीने इस्पितळातल्या झाडून सगळ्या रुग्णांना विचारलं, दवाखान्यात पोचता येतं का? सगळे हो म्हणाले. आता बोला, बाई!"

रेवती शांतपणे लोकांकडे वळली. "ज्यांना आज इथे येता आलं नाही, त्यांनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.

"बघा साहेब, अख्खी परभणी या सभागृहात मावली की!"

लोक पोट धरून हसले. तेव्हा कुठे एक हात वर गेला, कॅमेरा बंद करा म्हणून खुणावणारा दिगंबररावांचा.